पहाटेचा शेवटचा तास

कामठीत उन्हाळ्याच्या रात्री घरात कोणी झोपत नसे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकायचा, भिंती मध्यरात्रीपर्यंत दिवसाचे ऊन ओकत राहायच्या आणि अख्खी गल्ली अंगणात, ओट्यावर, गच्चीवर खाटा टाकून आडवी व्हायची. पहाटे चारच्या सुमारास कन्हान नदीच्या बाजूने पहिली गार झुळूक यायची. रात्रभर कुशी बदलणारी माणसे तेव्हा कुठे खरी झोपी जायची. तासा-दीड तासाने उजाडायचे. डोळे उघडले तरी लगेच कोणी उठत नसे, कारण दिवसभरातला गारवा तेवढाच. अशा वेळी शेजारच्या खाटेवरून आजी विचारायची, "झोपीत हासून राहिला होता तू. काय दिसलं बापा सपनात?"

आजी अर्थ क्वचितच सांगायची. ती ऐकायची, मध्येच "मंग?" म्हणायची आणि आपले सांगायची. तिच्या स्वप्नात तिची वारलेली धाकटी बहीण यायची आणि न जेवता परत जायची. त्या दिवशी जेवायला बसण्याआधी आजी एक घास बाहेर ठेवून यायची. दुपारी मोहल्ल्यातल्या बायका बिड्या वळायला एकत्र बसत. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पाने, जर्दा, दोऱ्याचे रीळ. मजुरी हजार बिड्यांमागे, म्हणून हाताला विसावा नाही. पण तोंड मोकळे. पहाटेचे स्वप्न तिथे दुसऱ्यांदा सांगितले जाई, त्यावर तिघी-चौघी बोलत, आणि संध्याकाळपर्यंत ते एकटीचे राहत नसे.

आता तो प्रश्न कोणी विचारत नाही. मी स्वतःही माझ्या मुलांना कित्येक वर्षे विचारला नव्हता. हे प्रकरण त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे.

मागच्या प्रकरणात झोपेचे टप्पे आपण पाहिले. त्यातली एकच गोष्ट इथे पुन्हा हवी. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि त्यांचे मार्गदर्शक नथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले, की झोपलेल्या माणसाचे डोळे ठरावीक अंतराने मिटल्या पापण्यांखाली भराभर हलू लागतात. ॲसेरिन्स्कींनी सुरुवातीला ज्याच्या डोक्याला तारा जोडल्या तो त्यांचा आठ वर्षांचा मुलगा होता. डोळे हलत असताना माणसाला उठवले, तर तो बहुतेक वेळा स्वप्न सांगतो. या झोपेला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रेम' हे नाव पडले. साधारण दर नव्वद मिनिटांनी ती येते, रात्रीतून चार-पाच वेळा येते आणि प्रौढ माणसाच्या एकूण झोपेत तिचा वाटा पाचव्या हिश्शापासून पाव हिश्शापर्यंत असतो. पण ती रात्रभर सारखी वाटलेली नसते. पहिल्या फेरीत जेमतेम पाच-दहा मिनिटे, तर पहाटेच्या शेवटच्या फेरीत अर्धा तास किंवा जास्तही. आठ तास झोपणारा माणूस सहा तासांवर आला, तर झोप पाव हिश्शाने घटते. स्वप्नांची झोप मात्र त्याहून पुष्कळ जास्त घटते, कारण कापला जातो तो नेमका शेवटचा तुकडा. कामठीच्या अंगणातला झुळकीनंतरचा तास हा तोच तुकडा होता.

म्हणजे माणसांना स्वप्ने पडायची थांबली, असे नाही. "मला स्वप्नेच पडत नाहीत" म्हणणाऱ्यालाही प्रयोगशाळेत योग्य क्षणी उठवले, तर तो बहुधा काहीतरी सांगतोच. मग समाजाचे लक्ष स्वप्नांवरून उडाले कसे?

याचे एक तयार उत्तर आहे: पूर्वी लोक भोळे होते, स्वप्नात भविष्य दिसते असे मानत, विज्ञान आले, ते खोटे ठरले, विषय संपला. मला हे उत्तर पटत नाही. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी स्वप्नांवर डोळे मिटून कधीच विश्वास ठेवला नव्हता. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, पुढचे सुचवणारे आणि शरीरातल्या दोषामुळे पडणारे. यांतले पहिले पाच प्रकार ग्रंथ सरळ निष्फळ ठरवतो. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद भदंत नागसेनांना स्वप्नांबद्दल विचारतो, तेव्हा नागसेन सहा कारणे सांगतात: वात, पित्त, कफ, देवता, सवय आणि पूर्वसूचना. यांपैकी शेवटचे तेवढे खरे, असे त्यांचे म्हणणे. ते आणखी एक विलक्षण निरीक्षण नोंदवतात. स्वप्न गाढ झोपेत पडत नाही आणि जागेपणीही पडत नाही. ते दोहोंच्या मधल्या, माकडाच्या सावध झोपेसारख्या अवस्थेत पडते. ॲसेरिन्स्कींच्या तारांआधी सुमारे दोन हजार वर्षे हे कोणीतरी झोपलेल्या माणसांकडे नीट पाहून लिहिले आहे. आणि आपली म्हण तरी काय सांगते? मनी वसे ते स्वप्नी दिसे. भोळ्या समाजाची म्हण अशी नसते.

म्हणजे संशय जुनाच होता, पण संशय घेऊनही लोक ऐकत होते. बदल झाला तो ऐकण्यात. आणि तो का झाला हे कामठीसारख्या गावात फार स्पष्ट दिसते, कारण हे गावच घड्याळावर वसले आहे.

१८२१ मध्ये इंग्रजांनी नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यावर नजर ठेवायला कन्हानच्या काठी फौजेची छावणी टाकली. मद्रासकडच्या पलटणी आल्या, त्यांच्यामागून तमिळ आणि तेलुगू कुटुंबे आली. उत्तरेकडून मुसलमान विणकर आले. बाजार वाढला. या नव्या गावाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मिळाली, जी आसपासच्या खेड्यांत नव्हती: सर्वांसाठी एकाच वेळी वाजणारा बिगुल. खेड्यातला माणूस कोंबड्याने, गुरांच्या हंबरण्याने, शेजारणीच्या जात्याने जागा होई. म्हणजे हळूहळू, कुशी बदलत. बिगुल एका क्षणात उठवतो. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरात आली, पुढे कामठीवरून छत्तीसगडकडे गेली, आणि घटका-प्रहरांच्या जागी मिनिटे आली. १९०६ मध्ये देशाला एक प्रमाणवेळ मिळाली. मुंबईने आपली वेगळी वेळ हट्टाने १९५५ पर्यंत जपली, ही मला नेहमीच आवडलेली गोष्ट आहे; पण शेवटी तिनेही मान तुकवली. इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ च्या एका गाजलेल्या निबंधात दाखवले, की कारखानदारीने कामगाराकडून आधी घेतली ती त्याची वेळेची जाण. त्यांनी स्वप्नांचा विचार केला नव्हता. पण सकाळची वेळ घेतली, की तिच्या पोटातले स्वप्नही जातेच.

मग वीज आली. कामठी तालुक्यातल्या कोराडीला १९७४ मध्ये औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. आज तिथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, पलीकडे खापरखेड्याचे केंद्र आहे, आणि भोवती कोळशाच्या खाणी. या पट्ट्यातले शेकडो संसार पाळ्यांवर चालतात. एका आठवड्यात सकाळची पाळी, दुसऱ्यात दुपारची, तिसऱ्यात रात्रपाळी. ज्या घरात रात्रपाळीचा माणूस आहे, तिथल्या लहान मुलांना दिवसा कुजबुजत खेळायला शिकवावे लागते. तो सकाळी आठला झोपतो, तेव्हा शरीराचे घड्याळ उठायला सांगत असते. झोप तुटक होते, दारावरची घंटा तिचे तुकडे करते. साऱ्या महाराष्ट्राच्या घरांत रात्री दिवे लागावेत म्हणून काही हजार माणसे आपली पहाट देतात. या देण्याची नोंद कोणत्याही वीजबिलात नसते.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ते खोटे स्मरणरंजन होईल. रात्र गेली, ती फक्त मालकांनी घेतली असे नाही. याच कामठीत १९०४ मध्ये हरदास एल. एन. म्हणजे हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म झाला. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे म्हणून त्यांची ओळख आहे; पण त्यांनी इथल्या बिडी कामगारांना संघटित केले, आणि दिवसभर राबणाऱ्यांसाठी इथे रात्रशाळा काढल्या. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून मध्य प्रांताच्या विधिमंडळात गेले आणि दोनच वर्षांनी, पस्तिशीत, क्षयाने वारले. कंदिलाच्या उजेडात पेंगत अक्षरे गिरवणाऱ्या त्या मुलांना कोणी "लवकर झोपा, स्वप्ने पाहा" असे सांगायला जाऊ नये. त्यांनी झोप मोडून जे मिळवले ते त्यांच्या हक्काचे होते. माझी तक्रार रात्र जागवण्याबद्दल नाही. एकेकाळी सुटकेसाठी जागवलेली रात्र नंतर कशासाठी विकली गेली, याबद्दल आहे. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी जाहीरपणे सांगितले, की त्यांची स्पर्धा झोपेशी आहे. भौतिकवादी समाज म्हणजे काय, हे इतक्या उघडपणे क्वचितच कोणी सांगितले असेल. ज्याचे मोजमाप होते, ज्याची देवघेव होते, त्यालाच तिथे किंमत. स्वप्न साठवता येत नाही, दुसऱ्याला दाखवता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. हल्ली मनगटावरचे घड्याळ सकाळी सांगते, की काल रात्री तुमची रेम झोप एक तास वीस मिनिटे झाली. त्या एक तास वीस मिनिटांत तुमची आई भेटून गेली का, हे त्याला ठाऊक नसते, आणि हळूहळू आपणही ते विचारेनासे होतो.

स्वप्न टिकायला वेळेइतकीच जागे होण्याची रीत महत्त्वाची आहे. रेम झोपेत मेंदूतले नॉरएपिनेफ्रिन हे रसायन अगदी कमी झालेले असते. नवी आठवण नोंदवून ठेवण्याचे काम तेव्हा मंदावलेले असते. म्हणून स्वप्न जागेपणाच्या काठावर काही मिनिटेच उभे राहते. त्या वेळी अंग न हलवता पडून राहिले, किंवा कोणी "काय दिसलं?" विचारले, तर ते आत येते. गजर वाजला, हात मोबाइलकडे गेला, बारा निरोप वाचले, की गेले. रोज उशाशी वही ठेवून लिहिणाऱ्यांना काही आठवड्यांत जास्त स्वप्ने आठवू लागतात, हे संशोधकांना पुन्हा पुन्हा दिसले आहे. लक्ष दिले की वाढते, दुर्लक्ष केले की आटते. माझी आजी रसायनांची नावे जाणत नव्हती, पण तिचा प्रश्न बरोबर त्याच काही मिनिटांत यायचा.

आणि मग तो प्रश्न विचारणारी खाटच शेजारून गेली. नागपूरकडे घरोघरी कूलर आला. वाळ्याच्या ताट्या, पाण्याचा पंप, मोठा पंखा; उन्हाळ्यात त्याने माणसे जगवली आहेत आणि त्याच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण कूलर खोलीत लागतो, त्याच्या आवाजात कुजबुज ऐकू येत नाही, आणि अंगणात एका रांगेत झोपणारी तीन पिढ्यांची माणसे तीन खोल्यांत गेली. बिडीचे काम घटले, तशा बायकांच्या बैठकीही विरळ झाल्या. ऐकणाराच नसेल, तर स्वप्न सांगायचे कोणाला?

या ऐकण्याला नियम होते, हेही आपण विसरलो. आमच्या शेजारच्या मोमीन घरात म्हातारे आजोबा होते. ते म्हणत, चांगला ख्वाब फक्त जिवलगाला सांगावा. वाईट पडला तर अल्लाचा आसरा मागावा, कूस बदलावी आणि तो कोणाला सांगू नये. हा इस्लामी परंपरेतला फार जुना दंडक आहे. आमच्या घरी भयानक स्वप्न पडले, की गजेंद्रमोक्ष म्हणत. भागवतातच त्याला दुःस्वप्नाचा नाश करणारे म्हटले आहे. श्रद्धा बाजूला ठेवून पाहा. दोन्ही घरांत स्वप्नाचा वाण कळत होता, ते कोणापाशी न्यायचे हे ठरलेले होते, आणि घाबरलेल्या माणसाला रात्री दोन वाजता करण्यासारखे काहीतरी हातात दिलेले होते. आज भयस्वप्नाने जागा झालेला तरुण एकटाच मोबाइलच्या उजेडात बसतो.

शब्दही हातातून गेला. नागपूर-कामठी रस्त्याने येताना फलकांवर 'स्वप्न' दिसते, ते दोन खोल्या-स्वयंपाकघराचे असते, हप्त्यांसकट. शाळांच्या भिंतींवर अशा अर्थाचे वाक्य रंगवलेले असते, की झोपेत दिसते ते स्वप्न खरे नव्हे, झोप उडवते तेच खरे. मुलांच्या मनात जिद्द पेरणारे हे वाक्य मी समजू शकतो. पण ते मूल पहाटे खरोखर एक स्वप्न पाहून उठलेले असते, आणि शाळेची भिंत त्याला सांगते की ते मोजायचे नाही. मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स लाफलिन यांनी समाजांची ढोबळ विभागणी केली: काही समाज फक्त जागेपणी कळते तेच ज्ञान मानतात, काही समाज मनाच्या अनेक अवस्थांना ज्ञानाचा दर्जा देतात. मांडूक्य उपनिषदाने जागृती आणि गाढ झोप यांच्यामध्ये स्वप्नाला स्वतंत्र पायरी दिली. आम्ही ती पायरी गाळून दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या जिन्यावर चढलो.

आता सर्वांत अवघड कारण. शिकलेल्या मराठी माणसाला स्वप्नाबद्दल बोलायची लाज वाटते, आणि त्या लाजेमागे खरा इतिहास आहे. "देवीने दृष्टांत दिला" या तीन शब्दांवर आपल्याकडे जमिनी बळकावल्या गेल्या, बायकांना डाकीण ठरवले गेले, गुप्तधनासाठी लेकरांचे बळी गेले. विदर्भाला हे परके नाही. १९८२ मध्ये नागपुरात श्याम मानव यांनी अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम सुरू केले ते याच भूमीत, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचा कायदा आला. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये त्यात गुन्हा ठरली. हा कायदा हवाच होता. पण त्याने रोखला तो दुसऱ्यावर लादलेला दृष्टांत. आजीची बहीण उपाशी परत जाते, हे स्वप्न कोणावर काहीच लादत नाही. आपण दोन्ही एकाच पोत्यात घालून बाहेर टाकली.

बाहेर टाकण्याची ही सवयही छावणीइतकीच जुनी आहे. १८६१ मध्ये कामठीत जन्मलेले ताजुद्दीन बाबा तरुणपणी काही काळ फौजेत होते. नोकरी सुटल्यावर ते कामठीच्या रस्त्यांवरून आपल्याच तंद्रीत हिंडू लागले. जुन्या समाजाकडे अशा माणसासाठी एक शब्द होता, मजझूब; म्हणजे आत कुठेतरी ओढला गेलेला. नव्या राज्यव्यवस्थेकडेही एक जागा होती. १८९२ मध्ये त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. लोक तिथे, फाटकाशी, त्यांच्या दर्शनाला जाऊ लागले. पुढे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेले. १९२५ मध्ये बाबा गेले, आणि ताजाबादला आजही सर्व धर्मांची माणसे जातात. बाबांना काय दिसत होते, याचा निवाडा मी करणार नाही. एकाच माणसासाठी, एकाच शहरात, मजझूब आणि वेडा हे दोन शब्द समोरासमोर उभे होते, आणि पुढच्या शतकात दप्तरात दुसराच टिकला.

विज्ञानाचा न्यायही एकसारखा राहिलेला नाही. फ्रॉइडचे स्वप्नांवरचे पुस्तक १८९९ च्या नोव्हेंबरात आले आणि स्वप्नाला पुन्हा मान मिळाला. १९७७ मध्ये हार्वर्डच्या ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी मांडले, की मेंदूच्या देठातून उठणाऱ्या विस्कळीत संकेतांना वरचा मेंदू कशीबशी गोष्ट जोडतो, तेच स्वप्न. 'स्वप्न म्हणजे मेंदूचा कचरा' हे सुशिक्षितांचे मत बरेचसे तिथून आले. पण २००० मध्ये हार्वर्डच्याच रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी स्मृती हरवलेल्या रुग्णांना टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ शिकवला. रोज ते रुग्ण खेळलेले विसरत, शिकवणाऱ्यालाही विसरत. तरी झोप लागताना त्यांना वरून पडणारे ठोकळे दिसत. जे त्यांना माहीत नव्हते, ते त्यांच्यातल्या कशाला तरी माहीत होते. शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी घटस्फोटाने खचलेल्या माणसांची स्वप्ने अभ्यासली; ज्यांच्या स्वप्नांत सोडून गेलेला जोडीदार येत होता, ती माणसे पुढे जास्त सावरलेली आढळली. आणि चरकांच्या दोषज स्वप्नाला तर आधुनिक वैद्यकाने जवळजवळ दुजोराच दिला आहे. रेम झोपेत आपले स्नायू लुळे असतात म्हणून आपण स्वप्नातली मारामारी अंथरुणात करत नाही. काहींमध्ये ही कडी निसटते आणि ते झोपेत लाथा झाडतात, ओरडतात. १९८६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाच्या कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी या विकाराचे वर्णन केले. पुढे दिसले, की अशा अनेकांना काही वर्षांनी कंपवात होतो. घरातला पन्नाशी-साठीचा माणूस झोपेत कोणाशी तरी भांडू लागला, तर हसून सोडून देऊ नये, डॉक्टरांना सांगावे. पण हे कळण्यासाठी आधी सकाळी कोणीतरी विचारले पाहिजे, की रात्री तुम्ही कोणाशी भांडत होतात.

तरीही स्वप्नाकडे लक्ष द्यायला हवे ते केवळ औषधापुरते नाही. मराठी परंपरेतली दोन स्वप्ने मला राहून राहून आठवतात. तुकारामांना गुरुमंत्र स्वप्नात मिळाला. बाबाजी चैतन्यांनी वाटेत गाठून डोक्यावर हात ठेवला, जेवायला पावशेर तूप मागितले, आणि ते द्यायचे स्वप्नातच राहून गेले, असे तुकाराम स्वतः सांगतात. इतका घरगुती, इतका खरा तपशील रचून येत नाही. आणि १६४० च्या सुमारास कोल्हापुरात, बारा वर्षांच्या आसपासच्या बहिणाबाईंना स्वप्नात तुकारामांचा अनुग्रह झाला. तुकारामांना तिने पाहिलेले नव्हते. ब्राह्मणाची बायको आणि शूद्र गुरू; जागेपणी हे नाते त्या समाजात जोडणे अशक्य होते. नवरा संतापला, मारहाण झाली, पण तिने ते स्वप्न नाकारले नाही आणि आपल्या अभंगांत ते नोंदवून ठेवले. दिवसाने जी परवानगी दिली नसती, ती रात्रीने दिली.

आणखी एक स्वप्न कामठीला अधिक जवळचे आहे. इथले ड्रॅगन पॅलेस हे पांढरेशुभ्र बुद्धविहार १९९९ मध्ये सुलेखा कुंभारे यांच्या पुढाकाराने आणि जपानच्या नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने उभे राहिले. तिथल्या चंदनाच्या बुद्धमूर्तीसमोर बसलेल्या माणसांपैकी कित्येकांच्या घरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आहे, १९५७ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेला. बाबासाहेबांनी त्यात परंपरेची कथा जशीच्या तशी घेतली नाही. म्हातारा, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही कथा त्यांनी बुद्धीला पटत नाही म्हणून प्रस्तावनेतच बाजूला काढली. पण महामायेचे स्वप्न त्यांनी ठेवले. भारहूतच्या शिल्पात आणि अनेक जुन्या ग्रंथांत त्या स्वप्नात पांढरा हत्ती येतो. बाबासाहेबांच्या कथनात सुमेध नावाचा बोधिसत्त्व तिच्यापुढे येतो आणि विचारतो, की मी शेवटचा जन्म घ्यायचे ठरवले आहे, तू माझी आई व्हायला राजी आहेस का? ती आनंदाने हो म्हणते आणि जागी होते. सकाळी ती ते शुद्धोदनाला सांगते, तो ऐकून घेतो आणि जाणकारांना बोलावतो. आयुष्यभर बुद्धिवादाचा आग्रह धरणाऱ्या माणसाने आपल्या शेवटच्या मोठ्या ग्रंथात एका बाईचे स्वप्न राखले, आणि त्यात तिची संमती विचारली. स्वप्नाचे मोल भाकितात नसून दिवसा न विचारलेल्या प्रश्नात असते, असे मला वाटते ते या पानावरून.

जर्मनीत शार्लोटे बेराट या पत्रकार बाईंनी १९३३ पासून देश सोडेपर्यंत, हिटलरच्या राज्यात, ओळखीच्यांची स्वप्ने गुपचूप टिपून ठेवली आणि १९६६ मध्ये पुस्तकरूपाने छापली. जे लोक दिवसा "आमचे सगळे ठीक आहे" म्हणत, त्यांच्या स्वप्नांत घराच्या भिंती नाहीशा होत होत्या. जो समाज स्वप्ने ऐकत नाही, तो आपल्याच माणसांची अशी साक्ष नाकारतो. बंद दाराआड, कोणाच्या भीतीशिवाय दिलेली ती एकच साक्ष असते.

आमच्या गल्लीत कोराडीच्या केंद्रातून निवृत्त झालेले एक काका आहेत. पस्तीस वर्षे पाळ्या केल्या. मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर बसलो असताना मी त्यांना आजीचाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, नोकरीत होतो तोवर सपन पडलेलं आठवत नाही. आता रोज पडते, आणि प्रत्येक सपनात पाळीच असते. सायकल घेऊन निघालो आहे, भोंगा होऊन गेला आहे, केंद्राचे गेट लागत चालले आहे. रोखलेली रेम झोप संधी मिळताच जास्त प्रमाणात परत येते, असे शास्त्र सांगते. तेवढे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली, पण त्यांचे लक्ष जिन्याकडे होते. काकू चहा घेऊन वर आल्या होत्या आणि कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या होत्या.

"हे तुम्ही मले कधी सांगतलं नाही," त्या म्हणाल्या.

"तू इचारलं कधी?"

काकू खाटेच्या कडेवर बसल्या. कप त्यांनी खाली ठेवला.

"मंग? उघडलं का गेट?"